जांभळीखालच्या गाडीला डबा

हातखंबा, २० एप्रिल

अहो करुणाचे बाबा,

जयभीम. पत्र बघून दचकू नका, कुणाला काही झालेलं नाही. फोन लावला की तुमचा फोन जरासा वाजतो आणि गप्प होतो. तो आपोआप गप्प होत नाही, तुम्ही करता, एवढी अक्कल मला आहे. म्हणून हे पत्र. गंगारामभाऊ आणून देतील. त्यांचं टायरचं दुकान तुमच्याच बाजूला आहे, तेव्हा त्यांना काही त्रास नाही. आणि मी कुठून लिहितेय म्हणाल तर मान जरा वर करा. रस्त्याच्या अलीकडे निळ्या पत्र्याची मथुराची खानावळ दिसते ना? तिच्या खिडकीत भाकऱ्या थापतेय ती मी.

हसू नका. घरी बसून तरी काय करायचं? चार कोंबड्या आणि एक मी. करुणा तिकडे मुंबईत तिच्या संसारात. मथुराला भाकऱ्यांना बाई हवी होती, मला हाताला काम हवं होतं. तुम्ही समोरच्या जांभळीखाली गाडी लावता हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं.

तुमच्या पोटात कसला राग आहे तो मला माहीत आहे. "बायकोने शेटला जाऊन सांगितलं आणि माझ्या हातातली गाडी गेली," हाच ना? हो, सांगितलं. न्हाणीच्या दारात तुम्ही कोसळलात. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून तुमच्या तोंडावर सांगितलं की साखर खाली येईपर्यंत अवजड गाडी हातात घ्यायची नाही. तुम्ही घरी येऊन म्हणालात, "तिला गाडीतलं काय कळतं?" आणि दुसऱ्याच दिवशी जांभ्याचे चिरे भरून आंबा घाट चढायला निघालात. मी काय करायला हवं होतं, ओवाळायला हवं होतं? शेटने चावी काढून घेतली, नाक्यावरचे चार टोळभैरव तुम्हाला हसले, आणि तुम्ही पिशवी उचलून दुसऱ्या मालकाच्या गाडीवर जाऊन बसलात. तेव्हापासून केबिन हेच घर. जयंतीलासुद्धा वाडीत आला नाहीत.

माफी मागायला लिहिलेलं नाही. उद्या परत तशीच वेळ आली तर परत सांगेन. घाटात त्या वळणांवर तुम्हाला चक्कर आली तर काय, हा एकच विचार डोक्यात असतो माझ्या. बाकी तुम्ही रागवा, ओरडा, माझं काही म्हणणं नाही.

डब्यात नाचणीची भाकरी आहे, कुळथाची पिठी आणि सुका जवळा. वरच्या कप्प्यात कागदात गोळी आहे, ती जेवल्यावर घ्यायची. डबा परत पाठवा, मथुराचा आहे.

पलीकडून,
सुनंदा


हातखंबा, २३ एप्रिल

अहो करुणाचे बाबा,

डबा पोचला. घासून असा लख्ख केला होतात की मथुरा म्हणाली, "गो सुनंदा, तुझ्या घोवाला माज्याकडं भांड्यांना ठेव." जेवण गेलं पोटात, बरं वाटलं. गंगारामभाऊ सांगत होते, "दत्ताराम काय बोलला नाय वयनी, पन पिठी बोटान् पुसून खाल्लान."

पण वरच्या कप्प्यात गोळी तशीच परत आली. आणि आता असं म्हणू नका की गोळी होती म्हणजे डबा रिकामा नव्हता!

तुमच्या आई असत्या तर त्यांनी तुम्हाला दारात उभं केलं नसतं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती हीच. शेजारणीचा डबा आला की रिकामा पाठवायचा नाही. घरात काही नसलं तर चार दाणे साखरेचे, तेही नसले तर परसातली कढीलिंबाची डहाळी, पण टाकायचं काहीतरी. पोटी अन्न नव्हतं त्या दिवसांतसुद्धा त्या माउलीने कुणाचं भांडं कोरडं पाठवलं नाही. आणि त्यांचा लेक मला कोरडा डबा पाठवतो. एवढी परकी झाले मी? माझ्याशी बोलू नका, पण आईची रीत तरी पाळा. साखर मात्र टाकू नका. घाटावरून येताना गाडीच्या पाठीवर साखरेची पोती घेऊन येता तेवढी पुरे, अंगात आणखी नको.

आज तुम्ही दाढी केलीत. बाजूच्या आरशात वाकून वाकून बघत होतात. अंगातला सदरा धुऊन दारावर वाळत घातलात आणि तो वाळेपर्यंत उघड्या अंगाने टायर ठोकत फिरलात. हातात ती लोखंडी टॉमी, पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात, मग मागचे जोड, मग पलीकडून परत पुढे. एक ठोका, कान, पुढे. घरीसुद्धा तुम्ही येताजाता पाण्याच्या पिंपाला असाच ठोका मारता. मी म्हणायचे, हे काय वेड? आज कळलं ते वेड कुठून येतं.

बारीक झाला आहात.

पलीकडून,
सुनंदा


हातखंबा, २९ एप्रिल

अहो करुणाचे बाबा,

गोळी गेली पोटात! गंगारामभाऊ शपथेवर सांगतात, त्यांच्यासमोर पाण्याबरोबर घेतलीत, तोंड वाकडं करून. तोंड वाकडं केलंत तरी चालेल, गोळी सरळ गेली की झालं. डबा मात्र अजून रिकामाच. बघू तुमचा हट्ट मोठा की माझा.

आता एक खरं सांगते. तुम्ही इथे गाडी लावता हे मला ठाऊक होतं. शिवा तुमच्याच मालकाची दुसरी गाडी चालवतो ना, तो एकदा वाडीत पाहुण्यांकडे आला होता, त्याच्या तोंडून निघालं. दुसऱ्या दिवशी मी मथुराच्या दारात उभी. तिला भाकऱ्यांना बाई नकोच होती. मीच तिच्या मागे लागले. आणि तुमचंही सांगू का? सावली पालीला आहे, साखरप्याला आहे. पाणी सगळीकडे आहे. मी खिडकीत बसते हे कळल्यावरसुद्धा तुमची गाडी रोज याच जांभळीखाली का लागते, ते तुम्ही मला सांगा. नाही सांगणार. राहू द्या.

इथे बसून मला एक गोष्ट कळायला लागली आहे. एवढी वर्षं तुम्ही "नाक्यावर थांबलो होतो" म्हणायचात आणि मला वाटायचं, थांबले म्हणजे बसले असतील चकाट्या पिटत, घ्यायचा असेल चहावर चहा. काल राजस्थानचा एक गाडीवाला आला. हात धुतले, मोबाईल बाटलीला टेकवून ठेवला आणि पलीकडून त्याचं लेकरू बघतंय तोवर जेवला. प्रत्येक घास आधी मोबाईलपुढे धरायचा, "तू खा" म्हणायचा, मग आपण खायचा. लेकरू झोपलं तरी फोन बंद केला नाही. गप्प राहून जेवण पुरं केलं. मद्रासकडचे दोघे येतात ते गाडीच्या सावलीत स्टोव्ह पेटवून भात टाकतात आणि भात शिजेपर्यंत एक झोपतो, दुसरा त्याला पुठ्ठ्याने वारा घालतो. कुणी बाहेरच्या नळावर बनियन धुतं, कुणी सीटवर आडवं होऊन पाय दारातून बाहेर सोडतं. तुमचे पाय तसेच असतात दुपारी. टाचेच्या भेगा मला इथून दिसत नाहीत, पण आहेत हे माहीत आहे.

मोबाईल नव्हते तेव्हा तुम्ही कुणाला घास दाखवत होतात? करुणा एवढीशी होती. तुम्ही घरी यायचात तेव्हा ती झोपलेली आणि निघायचात तेव्हाही झोपलेली. मी आपली कुरकुर करायचे की घरात लक्ष नाही. माझं तोंडही काही कमी नाही, ते मला माहीत आहे.

आज भाकरीबरोबर भोपळ्याची भाजी आहे. नाक मुरडू नका.

पलीकडून,
सुनंदा


हातखंबा, ४ मे

अहो करुणाचे बाबा,

करवंदं! डबा हातात घेतला तेव्हाच जड लागला. झाकण उघडलं तर पळसाच्या पानात काळी कुळकुळीत करवंदं, वर मीठसुद्धा चिमूटभर कागदात. मी मथुराला हातही लावू दिला नाही. मग दिली चार. ती म्हणाली, "लाजतंस काय एवढी, नवी नवरी हायस?" मी म्हटलं, आहेच.

करुणाला फोन केला. तिला वाटलं काय झालं, एवढी रडतेस का? मी म्हटलं, तुझ्या बाबांनी डबा रिकामा पाठवला नाही. ती म्हणाली, "आई, तुम्ही दोघं ना, हायवेच्या दोन बाजूंना बसून काय चाललंय तुमचं? उठून जा ना पलीकडे." तिला काय सांगू? मी आले असते तर तुम्ही गाडी काढून निघून गेला असता. तेवढं मी तुम्हाला ओळखते.

ओठ काळे झाले आहेत माझे. खिडकीतून दाखवले होते, बघितलेत का?

तुमची,
सुनंदा


हातखंबा, ६ मे

अहो करुणाचे बाबा,

आज पीठ मळता मळता हात थांबला माझा. मी किती खुळी! आनंदात मला सुचलंच नाही.

ती करवंदं आली कुठून? इथल्या जाळ्या पोरांनी कधीच ओरबाडून नेल्या. ती वरची, घाटातली. आणि घाटातली म्हणजे तुम्ही घाटात थांबला होतात. चिऱ्यांनी भरलेली गाडी चढावर कुणी करवंदांसाठी थांबवत नाही. तुम्हीच मला शंभरदा सांगितलं आहे, चढावर भरली गाडी एकदा थांबली की परत उचलताना क्लच रडतो. पूर्वी एकदा मी तुमच्याबरोबर येताना म्हटलं होतं, जरा थांबवा, किती छान करवंदं आहेत. तुम्ही म्हणाला होतात, "सोन्याची असली तरी इथे थांबणार नाही." मग परवा का थांबलात?

शिवा आला होता जेवायला. त्याला आधी भाकरी वाढली, मग विचारलं. तो इकडे तिकडे बघायला लागला. मी म्हटलं, शिवा, तुला माझी शपथ नाही, काही नाही, फक्त खरं बोल. तो म्हणाला, "वयनी, मी खाली उतरत व्हतो. दत्तारामदादाची गाडी वळणावर कडेला व्हती, चारी लायटी लुकलुकत. दादा स्टेअरिंगवर डोकं ठेवून बसलेला. मी हाक मारली तर म्हनाला, जा तू, जरा करवंदं काढतोय." त्याने तुमच्यासाठी चाकामागे दगड लावला आणि तुम्ही खाली उतरून करवंदं काढायला लागेपर्यंत तो हलला नाही.

म्हणजे तुम्हाला चक्कर आली. आणि ती लपवायला तुम्ही करवंदं काढलीत. आणि मग तीच मला पाठवलीत! मला राग करावा की काय करावं कळत नाही. भाकरी करपली आज, मथुरा ओरडली. ओरडू दे.

अहो, भीती वाटते हो मला. एवढंच. यापुढे काही सुचत नाही.

सुनंदा


हातखंबा, १२ मे, सकाळी

अहो करुणाचे बाबा,

आज बुद्धपौर्णिमा. सगळ्या वाडीने विहारात सकाळी वंदना केली. तुमची नेहमीची जागा, दाराजवळच्या खांबाला टेकून बसायची, ती कुणी घेतली नाही. खीर मी केली. तुमच्या डब्यात थोडीशी घातली आहे, गूळ नावाला, खजूर घातलाय. डॉक्टरीणबाईंना विचारून घातलाय, तेव्हा दोन चमचे खा, चाटून पुसून नको.

सहा तारखेच्या पत्रावर तुम्ही काहीच बोलला नाहीत. त्यानंतरचे डबे परत रिकामे. गोळीही एक दिवस परत आली. कळलं मला, मी वर्मावर बोट ठेवलं.

परवा तुम्ही गाडी लावलीत आणि दगड चाकाच्या पुढे ठेवलात. उतार मागे आहे हो तिथे. तुम्ही, दत्ताराम, आणि दगड चुकीच्या बाजूला! तुम्ही आडवे झाल्यावर गंगारामभाऊंनी हळूच दुसरा दगड मागे लावला. ते मला सांगताना म्हातारा रडकुंडीला आला होता. "वयनी, शेटला फोन करा," म्हणाले. करुणाही तेच म्हणते. नव्या मालकाचा नंबर शिवाने मला लिहून दिला आहे.

मी फोन करणार नाही.

एकदा केलं तसं, तुमच्या पाठीमागे, ते आता नाही. मी चुकले म्हणून नव्हे. तेव्हा केलं ते तुमच्या जिवासाठी केलं. पण त्यात तुमची मान खाली गेली, आणि खाली गेलेली मान घेऊन तुम्ही घाट चढता आहात, हे मी या खिडकीतून रोज बघते. म्हणून आज जे काय आहे ते तोंडावर, तुम्हालाच.

तुम्ही रोज प्रत्येक टायरला ठोका मारता. आवाज बद्द आला की कुणी कितीही घाई करू दे, त्या चाकावर तुम्ही घाट चढत नाही. हवा भरता, नाहीतर चाक काढता. मालक शिव्या देतो तरी काढता. आज एकदा स्वतःला ठोका मारून बघा. दुसऱ्या कुणाला विचारू नका, मलाही नको. कान तुमचाच.

आणि आवाज ऐकूनसुद्धा गाडी न्यायचीच असेल तर न्या. पण एकटे जाणार नाही. माझी पिशवी भरलेली आहे, चुलीजवळ ठेवली आहे. मथुराला सांगितलं आहे. कोंबड्या शेजारी दिल्या आहेत. तुम्ही स्टार्टर मारलात की मी रस्ता ओलांडून डाव्या सीटवर येऊन बसणार. हाकललंत तरी उतरणार नाही. घाटात काय व्हायचं असेल ते दोघांचं एकदम होईल. मग करुणाला काय वाटेल ते तुम्हीच ठरवा.

ही धमकी नाही. मला तुमच्याशिवाय त्या घरात राहायचं नाही, एवढंच सरळ सांगणं आहे. कधी बोलले नव्हते, आज लिहिलं.

तुमची,
सुनंदा


हातखंबा, १२ मे, दुपारी

अहो,

डबा आला. गंगारामभाऊ धापा टाकत आले. नेहमी ते डबा ओट्यावर आपटून जातात, आज दोन्ही हातांनी दिला. म्हणाले, "दत्ताराम म्हनाला, वयनीला सांग, आज डबा रिकामा नाय."

मी आधी खालचा कप्पा उघडला. खीर दोन चमचेच खाल्ली होतीत, बाकी तशीच. ऐकलंत माझं. मग वरचा उघडला. गोळी नव्हती. तिच्या जागी गाडीची चावी.

ती चावी किती वेळ तळहातावर घेऊन बसले होते कुणास ठाऊक. तिला अजून तुमच्या खिशातली ऊब होती. मथुराने जाळ बारीक केला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

आता ऐका. चावी मी गंगारामभाऊंकडून परत पाठवणार नाही. शिवा इथेच बसलाय, त्याची गाडी आज रिकामी उभी आहे. तुम्ही म्हणालात तर तुमचीच गाडी घेऊन तुमचे चिरे तो वर पोचवून येईल. पण ते त्याला तुम्ही सांगायचं आणि मालकालाही तुम्हीच. मी कुणालाही काही सांगणार नाही, कबूल केलंय ना. उद्या आपण डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. त्या म्हणतील तितके महिने घरी. कंटाळलात तर परसात पिंप आहे, त्याला ठोके मारत बसा. साखर उतरली की परत चढा गाडीवर, मी स्वतः हार घालीन गाडीला. तुमच्या हातातली गाडी मला नकोच होती हो, मला नुसते तुम्ही

अहो, हे काय, तुम्ही उतरलात.

दगड बघताय. मागेच आहे, बरोबर आहे. सदरा घातलात, अजून ओला असेल. पिशवी घेतलीत. आता टायर ठोकत बसू नका, सरळ या. दुभाजकापर्यंत आलात. थांबा, तुमच्या डावीकडून टँकर येतोय, त्याला जाऊ द्या. थांबलात, शहाणे आहात.

माझे हात पिठाचे आहेत, कागद सगळा पांढरा झाला. मथुरा ओरडतेय, "आता कसलं पत्र लिवतंस गो, मानूस दारात आला, ताट घे!"

घेते.